पाचवीनंतर शाळा कोणती?



मोहाडी तालुक्यातील आंधळगावहून एका भगिनीचे पत्र आले आहे. आंधळगाव म्हणजे कोशाच्या कापडाचे गाव. या भगिनीचे यजमान मागावर मजुरीने बसतात, त्या घरी विड्या वळतात आणि रोवणीच्या दिवसांत शेतावर जातात. मुलगी गावच्या शाळेत पाचवीला आहे, मुलगा तिसरीला. त्या लिहितात, "यजमान म्हणतात, कर्ज काढू पण पोराला शहरातल्या कॉन्व्हेंटात घालू. पोरगी गावातच शिकेल. पोरगी हुशार आहे. काय करावे?"

या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न आहेत. शाळा कोणती, हा एक. आणि शाळा कोणासाठी, हा दुसरा. आम्ही दोन्हींचा विचार करणार आहोत.

आधी कॉन्व्हेंट. मिशनऱ्यांच्या शाळांची शिस्त आणि इंग्रजी यांचे नाव आहे, ते उगीच नाही. पण आपल्याकडे आता कोणत्याही इंग्रजी शाळेला कॉन्व्हेंट म्हणतात. पाटीवर संताचे नाव असले म्हणजे आत मिशनरी असतातच असे नाही. म्हणून पहिली चौकशी ही, की शाळा चालविते कोण, तिला मान्यता आहे का, आणि ती अनुदानित आहे की स्वयंअर्थसहाय्यित? स्वयंअर्थसहाय्यित शाळेचा सगळा खर्च पालकांच्या फीवर चालतो.

पुष्कळांना वाटते, शिक्षण हक्क कायद्याने पंचवीस टक्के जागा मोफत आहेत, तेव्हा आपले काम होईल. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पण त्या जागा शाळेच्या पहिल्या पायरीला, म्हणजे पहिलीला किंवा त्याआधीच्या वर्गाला भरतात. तिसरीतल्या किंवा पाचवीतल्या मुलाला त्या मिळत नाहीत. शिवाय अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ठरविले. म्हणजे खऱ्या मिशनरी शाळेत या कायद्याने जागा मागता येत नाही. ज्यांचे मूल अजून लहान आहे त्यांनी इतर खाजगी शाळांसाठी अर्ज जरूर करावा. अनुसूचित जातीच्या मुलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. मात्र ही मोफत सोय आठवीपर्यंतच असते. नववीला पूर्ण फी भरावी लागते, हे आजच धरून चालावे.

दुसरी वाट परीक्षेची, म्हणजे जवाहर नवोदय विद्यालयाची. सहावीच्या प्रवेशासाठी परीक्षा होते. तिचा अर्ज मूल पाचवीत असतानाच भरावा लागतो, आणि संधी एकदाच मिळते. अर्जाला पैसे लागत नाहीत. बुद्धिमत्ता, अंकगणित आणि भाषा असे तीन भाग असतात आणि पेपर मराठीतून देता येतो. निदान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, एक तृतीयांश मुलींच्या, आणि अनुसूचित जातीच्या वेगळ्या राखीव. राहणे, जेवण, पुस्तके मोफत. नववीपासून विकास निधी घेतात, तो मुलींना आणि अनुसूचित जातीच्या मुलांना माफ आहे.

इथे जातीच्या दाखल्याकडे लक्ष द्यावे. १९९० सालच्या कायद्याने बौद्धांना केंद्राच्याही सवलती मिळू लागल्या. नवोदय केंद्राचे आहे. तेव्हा उपविभागीय अधिकाऱ्यांचा दाखला आधीच काढून ठेवावा. ऐन वेळी तलाठ्यापासून तहसीलपर्यंत धावपळ करताना अनेकांची मुदत टळते.

नवोदयच्या जागा एका जिल्ह्याला जास्तीत जास्त ऐंशी. नंबर लागला नाही तर मूल कमी ठरत नाही. समाज कल्याण खात्याच्या, अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींसाठी सहावी ते दहावीच्या निवासी शाळा आहेत. त्याही मोफत. भंडाऱ्याच्या समाज कल्याण कार्यालयात त्यांची चौकशी करावी.

तिसरी वाट गावची किंवा जवळची अनुदानित शाळा. तिला नाक मुरडू नये. मराठी शाळांतही २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. अनेक शाळांत सेमी इंग्रजीचे वर्ग आहेत, तिथे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवितात. आठवीत एनएमएमएसची परीक्षा असते. ती पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला बारा हजार रुपये मिळतात, आणि ती खाजगी विनाअनुदानित शाळेच्या मुलांना नाही. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत आहे. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राची वेगळी शिष्यवृत्ती आहे, त्यासाठी आईचे कामगार ओळखपत्र हवे.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो. आम्हीही एका मुलाला ऐपतीबाहेरच्या इंग्रजी शाळेत घातले होते. घरी अभ्यास घेणारे कोणी नव्हते. बोलके पोर दोन वर्षांत मुके झाले. फी थकली तेव्हा त्याला वर्गात उभे केले. मराठी शाळेत परत आणल्यावर ते पुन्हा प्रश्न विचारू लागले. दोष इंग्रजीचा नव्हता. आम्ही मुलाकडे न पाहता शेजाऱ्यांकडे पाहून शाळा निवडली, ही आमची चूक होती.

बाबासाहेब साताऱ्याला सरकारी शाळेत होते आणि १९०७ साली मॅट्रिक झाले तेही मुंबईच्या सरकारी एल्फिन्स्टन हायस्कुलातून. शाळेने त्यांना वेगळे बसविले. पण परळच्या चाळीतल्या एका खोलीत रामजीबाबा त्यांना अभ्यासाला पहाटे दोन वाजता उठवीत. शाळा कोणतीही असो, घरात कोणीतरी जागे असावे लागते.

आंधळगावच्या ताई, यजमानांना रागावू नका. पोराने शिकावे म्हणून कर्ज काढायला निघालेला बाप वाईट नसतो. रात्री दोघांनी बसून हिशोब मांडा. फी, गाडीभाडे, गणवेश, वह्या, आणि हे सर्व दहावीपर्यंत. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका. देणगीला महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे. मग पाहा, त्या पैशात एक मूल शिकते की दोन.

आणि पहिले काम मुलीचे. वेळ तिची आहे. मुलाला अजून दोन वर्षे आहेत. गुरुजींना विचारून नवोदयचा अर्ज भरला का ते पाहा. मुदत गेली असेल तर निवासी शाळेची आणि सेमी इंग्रजीची चौकशी करा. ती पुढे गेली की धाकट्याचा अभ्यास घेणारे माणूस तुमच्या घरातच तयार होईल.

काय ठरले ते कळवा. जयभीम.