रसाळ इतिहास आणि त्याचे वाचक

अमुक पुस्तक चांगलें कां, असें वर्गांत विचारलें असतां बहुधा एकच उत्तर मिळतें, "सर, तें वाचतांना कंटाळा येत नाहीं." हें उत्तर खोटें नव्हे. कादंबरीच्या बाबतींत तें कदाचित् पुरेसेंही होईल. इतिहासाच्या बाबतींत मात्र तें अपुरें आहे, असें आमचें मत झालें आहे. आणि हें मत आम्हांस ग्रंथांनीं नव्हे, तर आमच्याच एका विद्यार्थिनीनें शिकविलें, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १८६१ पासून १८६५ पर्यंत उत्तर व दक्षिण यांमध्यें घोर यादवी युद्ध झालें. सहा लक्षांहून अधिक सैनिक त्यांत मृत्यु पावले. या युद्धाचा एक अत्यंत लोकप्रिय इतिहास शेल्बी फूट यांनीं लिहिला आहे. त्याचे तीन खंड १९५८, १९६३ व १९७४ या सालीं प्रसिद्ध झाले. पृष्ठें सुमारें तीन हजार. फूट हे मिसिसिपी संस्थानांत जन्मलेले व मूळचे कादंबरीकार. शाईंत टाक बुडवून, सुमारें वीस वर्षें खपून त्यांनीं हा ग्रंथ हातानें लिहिला. पुढें १९९० सालीं केन बर्न्स यांची या युद्धावरील चित्रमालिका अमेरिकेंत दूरचित्रवाणीवर दाखविली गेली. तींत फूट यांची गोष्ट सांगण्याची हातोटी पाहून लोक मोहून गेले, आणि जुन्या खंडांस असंख्य नवे वाचक लाभले.

या ग्रंथाविषयीं वाचकांचे दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष म्हणतो, इतिहास असावा तर असा. नद्या, टेकड्या, पाऊस, चिखल, सेनापतींचे स्वभाव, शिपायांची भूक, सर्व कांहीं डोळ्यांपुढें उभें राहतें. दुसरा पक्ष विचारतो, अमुक गोष्ट अमुक कागदांत आहे, असें दाखविणाऱ्या टीपा या ग्रंथांत कोठें आहेत? आणि ज्या गुलामगिरीपायीं युद्ध पेटलें, तिच्या वाट्यास या तीन हजार पृष्ठांतून इतकी थोडी जागा कां यावी? यावर पहिला पक्ष उत्तर देतो कीं, लेखकानें आपल्या ग्रंथास नांवांतच 'कथन' म्हटलें आहे. सरकारनें छापलेले युद्धाच्या कागदपत्रांचे १२८ खंड त्यांनीं धुंडाळले. आणि लढायांचा इतिहास लिहिणारानें लढायाच लिहाव्या, यांत वावगें काय?

आम्ही बरीच वर्षें पहिल्या पक्षांतले होतों. याच युद्धांतील नेथन बेडफर्ड फॉरेस्ट या दक्षिणेच्या घोडदळाच्या सरदाराची कथा आम्ही वर्गांत मोठ्या आवडीनें सांगत असूं. साधा शिपाई म्हणून भरती झालेला हा मनुष्य पुढें लेफ्टनंट जनरल झाला. फेब्रुवारी १८६२ मध्यें फोर्ट डोनेल्सन येथें वरिष्ठांनीं शरण जाण्याचें ठरविलें, तेव्हां रात्रींच्या अंधारांत, बर्फासारख्या पाण्यांतून तो आपले स्वार घेऊन निसटला. मुलें श्वास रोखून ऐकत. एकदां गोष्ट संपल्यावर मागच्या बाकावरील एका मुलीनें विचारलें, "सर, लढाईच्या आधीं हे गृहस्थ काय काम करीत होते?"

वर्ग शांत झाला. उत्तर आम्हांस ठाऊक होतें. फॉरेस्ट हा मेंफिस शहरीं माणसांची खरेदीविक्री करीत असे. १८६४ च्या एप्रिलांत फोर्ट पिलो येथें शरण येऊं पाहणाऱ्या अनेक कृष्णवर्णी सैनिकांस त्याच्या सैन्यानें कापून काढलें. आणि युद्धानंतर कू क्लक्स क्लॅन या दहशतखोर टोळीचें पुढारीपणही त्यानें केलें. हें सर्व आम्हीं त्या दिवशीं सांगितलें. पण तें विचारल्यावर सांगितलें! गोष्टीचा रंग उतरूं नये म्हणून इतकीं वर्षें आम्हीं तें गाळीत आलों होतों. त्या गाळण्यांत एकही वाक्य खोटें नव्हतें, तरी मुलांच्या मनांत उभें राहिलेलें चित्र खोटें होतें.

फूट यांस आम्ही लबाड मुळींच म्हणत नाहीं. परंतु लिंकन व फॉरेस्ट हे दोघे या युद्धांतील खरे प्रतिभावंत, असें त्यांनीं म्हटलें आहे, आणि या एका जोडीवरूनच त्यांची दृष्टि कोठें खिळली होती हें दिसतें. रणांगणावरील कौशल्य हें एकच माप हातीं घेतलें, कीं हे दोघे शेजारीं बसतात. परंतु सुमारें ४० लक्ष गुलामांच्या दृष्टीनें पाहिल्यास ते शेजारीं बसतील काय? उत्तरेच्या सैन्यांत सुमारें १,८०,००० कृष्णवर्णी शिपाई लढले, त्यांच्या दृष्टीनें? लढाईचा इतिहास लढायांनींच भरावा हें मान्य केलें, तरी ती कशासाठीं लढली गेली हा प्रश्न ताटांतील चटणी नव्हे. तें ताटांतील अन्न आहे. मिसिसिपी संस्थानानें जानेवारी १८६१ मध्यें फुटून निघतांना आपलें हित गुलामगिरीशीं निगडित असल्याचें स्वतःच जाहीर केलें होतें.

एकाच गोष्टीचे वाचक किती भिन्न असतात पाहा. युद्धापूर्वींच अमेरिकेंतील ख्रिस्ती मंडळ्या गुलामगिरीच्या वादानें दुभंगल्या. मेथडिस्ट १८४४ सालीं, बॅप्टिस्ट १८४५ सालीं. बायबल दोघांच्याही हातीं एकच होतें! हें आम्हां ख्रिस्ती शिक्षकांस तर विशेष बोचावें. आपल्याकडेही या युद्धाचे असेच दोन वाचक झाले. दक्षिणेचीं बंदरें अडल्यामुळें अमेरिकेचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेना. मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. मुंबईच्या व्यापाऱ्यांनीं हें युद्ध भावाच्या आंकड्यांत वाचलें, आणि १८६५ सालीं तें संपतांच भाव कोसळून कित्येक धनाढ्य बुडाले. उलट जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक काढलें, तें गुलामांस दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील लोकांस अर्पण केलें. फूट यांचे खंड निघण्यास तेव्हां पाऊणशेंहून अधिक वर्षें अवकाश होता. तरी युद्धाचें मर्म जोतीरावांस पुण्यांत बसून कळलें, कारण ज्याच्या मानेवर जूं आहे त्याच्या बाजूनें त्यांनीं तें पाहिलें.

मग रसाळ इतिहास टाकून द्यावा काय? मुळींच नाहीं. नीरसता म्हणजे सत्य नव्हे. जेम्स मॅक्फर्सन यांचा याच युद्धावरील एका खंडाचा इतिहास १९८८ सालीं निघाला व पुढील वर्षीं त्यास पुलित्झर पारितोषिक मिळालें. तोही गोष्टीसारखा वाचला जातो. परंतु पहिली तोफ डागली जाण्यापूर्वींची हकीकत तो सविस्तर सांगतो, व टीपाही देतो. लढायांच्या वर्णनांत फूट यांची सर त्यास येत नाहीं, असें कोणी म्हटल्यास आम्ही वाद घालणार नाहीं. आम्ही एवढेंच म्हणूं कीं, दोन्ही वाचा. आणि स्वतः गुलामींतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांचें १८४५ चें आत्मचरित्र त्यांच्या आधीं वाचा. तें पुस्तक लहान आहे. पण तें वाचल्यावर मोठीं पुस्तकें निराळीं दिसूं लागतात.

विद्यार्थ्यांनो, पुस्तकावर मत देण्याचा अधिकार तुम्हांस आहे; परंतु न्यायाधीशानें एका बाजूची साक्ष गोड वाटली म्हणून निकाल देऊं नये. पुढें कोणताही इतिहास तुम्हांस रात्रभर जागवील, तेव्हां सकाळीं त्यास तीन प्रश्न विचारा: हें तुला कोणीं सांगितलें? यांत कोण बोलत नाहीं? आणि तो बोलला असता तर ही गोष्ट अशीच राहिली असती काय? पालकांसही आमची विनंती आहे. घरीं पूर्वजांच्या पराक्रमाच्या कथा अवश्य सांगाव्या. पण मूल मध्येंच कांहीं अडचणीचें विचारूं लागलें, तर त्यास गप्प करूं नये. आमच्या वर्गांतील त्या मुलीस कोणी घरीं गप्प बसविलें असतें, तर आम्ही आजही ती अर्धीच गोष्ट सांगत राहिलों असतों.