फुकट तिकीट, पण गाडी कुठाय?

महिलांना अर्धे तिकीट आणि ज्येष्ठांना सवलत दिल्यामुळे एसटीला रोज तीन कोटींचा तोटा होतो, आणि अशाच सवलती वाटत गेलो तर एसटी चालवणे अवघड होईल, असे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हणाले. ते बोलले धाराशिवात, आणि धाराशिवचे पालकमंत्रीही तेच. पुढे उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सवलती बंद होणार नाहीत असा खुलासा केला आणि राजकारणापुरता विषय संपला. मत मात्र संपले नाही. ते स्टँडवरच्या टपरीवर, वर्तमानपत्राच्या पत्रव्यवहारात आणि खुद्द गाडीत, उभे राहून प्रवास करणाऱ्या पूर्ण तिकीटवाल्याच्या कपाळावरच्या आठीत रोज भेटते. म्हणून मंत्र्यांना बाजूला ठेवून त्या मताचाच समाचार घेऊ.

पूर्वपक्ष आधी नीट मांडला पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत झाला. पासष्ट ते पंचाहत्तर वयाला अर्धे तिकीट होतेच. १७ मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना अर्धे तिकीट लागू झाले. दिव्यांगांना साध्या गाडीत ७५ टक्के सवलत आहे. ही आणि अशी तीसेक प्रकारची सवलत एसटीने द्यायची, तिचे पैसे सरकारने मागाहून भरायचे आणि ते वेळेवर यायचे नाहीत. पगाराची तारीख जवळ आली की कर्मचाऱ्यांच्या पोटात गोळा येतो. गाडी भरलेली आणि तिजोरी रिकामी, हे चित्र कंडक्टरला रोज दिसते. त्याने चिडू नये तर काय करावे?

पण चिडायचे कुणावर, हा खरा प्रश्न. एसटीच्या कारभारावर जून २०२५ मध्ये सरकारनेच श्वेतपत्रिका काढली. तिच्यानुसार गेल्या ४५ वर्षांत महामंडळ फक्त ८ वर्षे नफ्यात होते आणि संचित तोटा दहा हजार कोटींच्या पुढे गेला आहे. म्हणजे उरलेली ३७ वर्षे एसटी तोट्यातच होती, आणि महिलांची सवलत सुरू होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. इतक्या वर्षांचा तोटा पंचाहत्तरीच्या म्हातारीच्या पदरात बांधणे म्हणजे नाचता येईना अंगण वाकडे. शिवाय प्रत्येक तिकिटातून राज्य सरकार साडेसतरा टक्के प्रवासी कर घेते. एका हाताने कर घ्यायचा, दुसऱ्या हाताने सवलतीची रक्कम रखडवायची आणि तिसऱ्या कुणाकडे तरी बोट दाखवायचे, असा हा हिशेब आहे. सवलत ही सरकारने नागरिकांसाठी विकत घेतलेली सेवा आहे. तिचे बिल थकले असेल तर थकबाकीदार मंत्रालयात बसतो. पुढच्या बाकावर काठी धरून बसलेल्या आजोबांचा त्यात काय दोष?

इथवर खंडन सोपे होते. अवघड पूर्वपक्ष दुसराच आहे, आणि तो सवलतीच्या समर्थकांचा आहे. 'तिकीट फुकट केले, आता आणखी काय हवे?' विरोधक निदान रागावतात तरी. हे लोक कृतकृत्य होऊन बसतात. दोन्ही बाजू वर्षानुवर्षे तिकिटाच्या किमतीवर भांडत आहेत, आणि तिकीट तर गाडीत चढल्यावर मिळते! त्याआधी गाडी गावात यावी लागते, थांबावी लागते, तिची पायरी चढता यावी लागते आणि संध्याकाळी परत आणून सोडणारी दुसरी गाडी असावी लागते. या चार गोष्टींपैकी एक जरी नसली तर शंभर टक्के सवलतीची किंमत शून्य. चणे आहेत तर दात नाहीत, अशी ही सवलत आहे.

धाराशिव जिल्ह्यात हे ढळढळीत दिसते. क्षेत्रफळ साडेसात हजार चौरस किलोमीटर, तालुके आठ, आणि एसटीची आगारे सहा : धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, भूम, परंडा. लोहारा आणि वाशी या तालुक्यांना आपले आगार नाही. २०११ च्या जनगणनेत १६ लाख ५७ हजारांपैकी दर सहा माणसांतली पाच खेड्यांत राहत होती. रेल्वेचे म्हणाल तर बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९११ मध्ये येडशीवरून लातूरला पोचली, पण जिल्ह्याच्या गावाला वळसा घालून. धाराशिव शहराला रेल्वे मिळायला एकविसावे शतक उजाडावे लागले. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या ८४ किलोमीटरच्या मार्गाचे काम चालू आहे. तो झाला तर चांगलेच आहे, पण भूमच्या डोंगरपट्ट्यातल्या म्हातारीच्या दारात तो येणार नाही. तिच्यासाठी रस्ता आणि रस्त्यावरची लाल गाडी, एवढीच सार्वजनिक वाहतूक.

ती लाल गाडी कमी होत गेली. करोनापूर्वी महामंडळाकडे अठरा हजारांच्या आसपास गाड्या होत्या. पुढे त्या चौदा-पंधरा हजारांवर आल्या. गाड्या कमी पडल्या की पुण्या-मुंबईच्या लांब पल्ल्याला कात्री लागत नाही. कात्री लागते ती खेड्यातल्या फेरीला. आगारात कारण ठरलेले असते : भारमान नाही, म्हणजे गाडी पुरेशी भरत नाही. एवढ्या एका शब्दावर गावेच्या गावे नकाशावरून उतरतात, म्हणून तो जरा उलगडून पाहू. सकाळी आठची गाडी तालुक्याला जाते आणि दुपारी तीनची परत येते. समजा, ड्रायव्हर कमी म्हणून तीनची फेरी 'तात्पुरती' बंद झाली. आता सकाळी जाऊन परत यायचे कसे? त्यामुळे दवाखान्याला, बँकेला, तहसीलला जाणारी म्हातारी माणसे सकाळच्या गाडीलाही येईनाशी होतात. महिन्याभरात सकाळच्या फेरीचे भारमान पडते आणि तीही बंद होते. कागदावर सिद्ध काय झाले? गावाला गाडी नको आहे! मुक्कामी गाडीची गत याहून वाईट. रात्री गावात थांबून पहाटे निघणाऱ्या या गाडीने कित्येक पिढ्यांचे कॉलेज आणि कोर्ट सांभाळले. तिचा खर्च ड्रायव्हर-कंडक्टरच्या मुक्कामाच्या भत्त्यासह आगाराच्या डोळ्यांत खुपतो. पहाटे निघून सिव्हिलच्या केसपेपरच्या रांगेत वेळेवर पोचलेल्या रुग्णाचा फायदा मात्र आगाराच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

यावर तिसरा आक्षेप येतो : आता घरोघर मोटारसायकल आहे, टमटम आहे, काळी-पिवळी आहे; एसटीवाचून कुणाचे अडते? ज्याचे अडत नाही तोच हे विचारतो, एवढे उत्तर पुरे व्हावे. पण लोक आकडे मागतात. संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे दीड हजार रुपये काढायला म्हातारी बँकेत जाते. टमटममध्ये तिला ना मोफत प्रवास, ना अर्धे तिकीट. आणि टमटम भरल्याशिवाय सुटत नाही. भरल्यावर जी सुटते ती कशी भरलेली असते, हे ज्याचा गुडघा दुखतो त्याने सांगावे. चाकाची खुर्ची तर टपावर. मोटारसायकलवर नातवाच्या मागे बसून डायलिसिसला जाणारा माणूस ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी मोटारसायकलला सार्वजनिक वाहतुकीचा पर्याय म्हणू नये. २०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत चाललेल्या संपात एसटी नसण्याचा प्रयोग महाराष्ट्राने करून पाहिलेलाच आहे. जीपवाल्यांनी माणसे वाहिली हे खरे, पण आपल्या भाड्याने आणि आपल्या मर्जीने.

आता पायरी. साध्या एसटीची पहिली पायरी जमिनीपासून इतकी उंच असते की साठीतली धडधाकट बाईसुद्धा आधी दांडा धरते, मग पदर सावरते आणि मग कुणाचा तरी हात शोधते. लोहारा आणि उमरगा तालुक्यांत हा प्रश्न आणखी खोल आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात सास्तूरसारखी गावे कोसळली, ढिगाऱ्यातून निघालेल्या कित्येकांना कायमचे अपंगत्व आले. लातूर आणि धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यांतल्या ५२ गावांना नवी जागा मिळाली, रुंद रस्ते आणि मोकळे प्लॉट मिळाले. गाव ऐसपैस झाले आणि घरापासून थांब्यापर्यंतची पायपीटही तितकीच लांबली. त्या वेळी त्रेचाळीस वर्षांचा असलेला माणूस आज पंचाहत्तरीपार गेला आहे. सरकारच्या लेखी तो आता मोफत प्रवासी!

कायदा या बाबतीत गप्प नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या ४१ व्या कलमाने थांबे, स्थानके आणि वाहने सुगम करायला सांगितले आहे; वैयक्तिक हालचालीसाठी परवडणाऱ्या योजना आखायलाही सांगितले आहे. डिसेंबर २०१९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या दुरुस्तीने बसमध्ये राखीव आसने, त्यांच्या खुणा, काठी-कुबड्या ठेवण्याची सोय, धरायला दांडे, चाकाची खुर्ची चढवण्याची आणि अडकवण्याची व्यवस्था सक्तीची केली, १ मार्च २०२० पासून. यावर ठरलेले उत्तर : 'आमच्या रस्त्यांवर लो-फ्लोअर चालत नाही.' चेन्नईतही हेच सांगितले जात होते. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले आणि २०२४ मध्ये तिथे लो-फ्लोअर बस धावू लागल्या. तरी मी म्हणतो, सोडा. वाशी-पारगावच्या रस्त्याला लो-फ्लोअर नको. दाराखाली घडीची एक जादा पायरी, दोन्ही बाजूंना पकडायला खालपर्यंत येणारा दांडा, स्थानकात फलाटाला खेटून गाडी लावण्याची शिस्त, आणि काठीवाला बसेपर्यंत डबल बेल न मारण्याची तंबी. यातल्या कशाला जागतिक निविदा लागते?

मंडनाकडे येताना एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दर गावाला दिवसाला चार फेऱ्या द्या, अशी मागणी मी करणार नाही. ती होणार नाही हे मागणाऱ्यालाही माहीत असते. ती फक्त निवेदनात शोभते. मागायची ती ठरलेल्या वाराची, ठरलेल्या वेळेची, जाऊन-येऊन फेरी. गावांचा गट करून प्रत्येक गटाला आठवड्यातले दोन दिवस : एक तालुक्याच्या आठवडी बाजाराचा, दुसरा ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या तज्ज्ञ डॉक्टरांचा किंवा दिव्यांग तपासणीचा. सकाळी नेणारी गाडीच दुपारी परत आणील. परंडा-भूमची माणसे उपचाराला जिल्ह्याच्या गावापेक्षा शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला जातात, तिथे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. तर त्या दोन आगारांची फेरी बार्शीकडे वळवावी. जिल्ह्याची सीमा रुग्णाला ठाऊक नसते.

हे नवे नाही. यात्रेला एसटी काय करते ते आठवा. नवरात्रात आणि अश्विन पौर्णिमेला तुळजापूरला, चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याला येडेश्वरीच्या यात्रेला जादा गाड्या सुटतात, आगाराआगारांतून माणसे आणि वाहने हलवली जातात. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या ठिकाणी माणसे पोचवण्याची विद्या महामंडळाला उत्तम येते. फक्त ती देवीच्या वाटेवर वापरली जाते, दवाखान्याच्या वाटेवर नाही. आणि पैशाची वाटही सरकारला ठाऊक आहे. मानव विकास मिशनने मागास १२५ तालुक्यांत शाळकरी मुलींसाठी निळ्या गाड्या दिल्या. म्हणजे एका विशिष्ट गटासाठी विशिष्ट फेरी सरकारने थेट विकत घेतली. तिथे कुणी भारमान विचारले नाही, कारण मुलगी दहावीला पोचली की नाही हे मोजायचे होते. तेच तत्त्व म्हाताऱ्यांना लावायला काय हरकत आहे?

लहान गाडीचेही तसेच. 'यशवंती' नावाच्या मिडी बस एसटीने आणल्या होत्या. तमिळनाडूने १९९७ पासून खेड्यांसाठी मिनी बसची योजना चालवली. ज्यांना थांब्यापर्यंतही येता येत नाही त्यांच्यासाठी दारात येणारी गाडी हवी, आणि तीही कुणाच्या स्वप्नातली नाही. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने बस चालवणाऱ्या संस्थांवरच असे बंधन घातले की ठरलेल्या मार्गाच्या पाऊण मैलाच्या आत राहणाऱ्या, बस वापरू न शकणाऱ्या माणसाला आधी सांगितल्यावर गाडी द्यायची, आणि भाडे नेहमीच्या दुपटीहून जास्त घ्यायचे नाही. आपल्याकडे १०८ वर फोन केला की रुग्णवाहिका येते. पण ती जीव जायला टेकल्यावर. तपासणीला जाण्यासाठी, हयातीचा दाखला देण्यासाठी कुठला नंबर? प्रत्येक तालुक्याला खुर्ची चढेल अशी एक गाडी आणि आदल्या दिवशी ग्रामपंचायतीत किंवा आशाताईंकडे नाव देण्याची सोय, एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते.

खर्च कोण करणार, हा शेवटचा आक्षेप. आठ तालुक्यांना आठ गाड्या आणि आठवड्याच्या मोजक्या फेऱ्या यांचा भार महामंडळाच्या तोट्यावर टाकूच नये. तो जिल्हा वार्षिक योजनेतून, फेरीच्या किलोमीटरप्रमाणे, महिन्याच्या महिन्याला आगाराला चुकता व्हावा, म्हणजे प्रतिपूर्ती रखडल्याची तक्रारही उरणार नाही. त्यासाठी मंजुरी लागते जिल्हा नियोजन समितीची आणि संमती लागते परिवहन खात्याची. एरवी अशी फाईल दोन टेबलांच्या मध्ये वर्षभर लटकते. धाराशिवमध्ये मात्र समितीचे अध्यक्ष म्हणजे पालकमंत्री आणि खात्याचे मंत्री ही एकच व्यक्ती आहे.