रातांब्याची परीक्षा अर्धीच

मे महिन्यात कणकवलीच्या अंगणांत मीठ घातलेल्या रसाची पुटं देऊन रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, सालं वाळत असतात. पित्त उसळलं की आधी कोकमाचं सरबत, मग डॉक्टर.

याच सालीतलं गार्सिनॉल नावाचं द्रव्य जपानी संशोधकांनी तपासलं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात उंदरांच्या जठरात इंडोमेथॅसिन या वेदनाशामक औषधाने पाडलेले व्रण त्यामुळे कमी झाले.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. आपला अल्सर, म्हणजे असा व्रण, बहुधा हेलिकोबॅक्टर जंतूमुळे किंवा वेदनाशामक गोळ्यांमुळे होतो. जंतूवर अँटिबायोटिकच लागतात.

कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती औषधी गुणाची ग्वाही नव्हे. आता कृषी विद्यापीठ आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी मिळून रुग्णांवर रीतसर चाचणी घ्यावी. तोवर शौचाला काळं झालं, तर ते व्रणातून रक्त जात असल्याचं लक्षण असू शकतं; सरबत बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठावा.