वाटाड्या कसा निवडावा?

रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापुरास जाणारे पुष्कळ लोक हल्ली मोटारीतील जीपीएस यंत्रावर सर्वस्वी विसंबतात. ते निवडताना मात्र पडद्याच्या आकारास भुलतात, हे आम्हांस योग्य वाटत नाही. आपले स्थान जाणण्यास यंत्रास किमान ४ उपग्रहांचे संदेश लागतात, मोबाईलचे जाळे नव्हे. नकाशा मात्र पुष्कळदा त्या जाळ्यातूनच येतो, आणि घाटात ते तुटले की ऐन पावसात कुटुंब अडते. म्हणून ज्याच्या पोटात नकाशा आधीच साठविता येतो, तेच यंत्र पालकांनी घ्यावे. तथापि कोसळलेली दरड हे उपग्रह पाहत नाहीत. तिची वार्ता साखरप्याच्या चहावाल्यास विचारावी. विद्यार्थ्यांनीही हातखंबा, पाली, साखरपा, मलकापूर ही वाटेवरील गावे मुखोद्गत करावीत. यंत्र सोबतीस असावे. वाटेचे ज्ञान आपल्यापाशीच असावे.