छातीचा स्कोर सगळ्यांनी विचारला, डोक्याचं कुणी विचारलं नाही

पोस्ट जरा लांब आहे. पण घरात म्हातारं माणूस किंवा लहान लेकरू असेल तर शेवटपर्यंत वाचा.

परवा डोंगरकड्याच्या स्टँडवर चहा घेताना ओळखीचे एक मामा भेटले. केळीच्या धंद्यातला जुना माणूस. पूर्वी गाडी भरताना वजन, भाव, हमाली, उचल सगळं तोंडपाठ. कागदाला हात लावायची गरज नव्हती. आता पोराला शेजारी बसवून हिशोब करतात. म्हणाले, "2021 च्या मे महिन्यात पॉझिटिव्ह निघालो. घरी आलो तेव्हापासून डोकं बधिर झाल्यासारखं वाटतंय बघ. बोलता बोलता शब्दच सापडत नाही."

घरचे म्हणतात वय झालं. गावातले म्हणतात टेन्शन घेतलं. एकाने तर बाहेरचं बघून घ्या म्हणून सांगितलं. डॉक्टरला मात्र कुणी दाखवलं नाही.

खरं सांगतो, मला माझीच लाज वाटली. त्या काळात मी रोज बातमी पाठवायचो. इतके बाधित, इतके मृत्यू, इतके बरे होऊन घरी. त्या "बरे होऊन घरी" मधला एक माणूस सहा महिन्यांनी कसा आहे, हे विचारायला मी कधी गेलो नाही. सगळं गाव "स्कोर किती?" विचारत होतं. तो स्कोर छातीच्या स्कॅनचा होता.

कोरोना, फ्लू, गोवर हे श्वासातून पसरणारे आजार. पण ते छातीपाशीच थांबतील असं नसतं. कधी रक्तात गुठळ्या होतात, त्यातली एक मेंदूच्या नसेत अडकली की लकवा. कधी विषाणूशी लढायला उठलेली आपलीच प्रतिकारशक्ती चुकून नसांवर तुटून पडते. कधी शरीरातली सूज उतरत नाही आणि विसरभोळेपणा, थकवा, झोप न येणं मागे राहतं. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2021 मध्येच कोरोनानंतरच्या त्रासाची व्याख्या केली. त्यात विचार करायला, लक्ष लागायला होणारी अडचण स्पष्ट लिहिलेली आहे. 2022 मध्ये ब्रिटनमध्ये 785 लोकांचे आधीचे आणि नंतरचे मेंदूचे स्कॅन ताडून पाहिले. त्यातल्या 401 जणांना मधल्या काळात कोरोना झाला होता. त्यांच्या मेंदूच्या काही भागांत, खास करून वासाशी जोडलेल्या भागांत, थोडी जास्त झीज दिसली. बहुतेकांना दवाखान्यात ॲडमिटही व्हावं लागलं नव्हतं.

मामांचं कोरोनामुळेच झालं, असं मी म्हणणार नाही. बी-12 कमी असेल, थायरॉईड असेल, साखर असेल, मन खचलं असेल. यातल्या बऱ्याच गोष्टींवर साधे इलाज आहेत. पण तपासलंच नाही तर कळणार कसं?

गोवराचंही तसंच. 2022 मध्ये मुंबईत गोवंडीकडे गोवराने लेकरं गेली. बरं झालेल्या लेकरांतही क्वचित एखाद्याच्या मेंदूत तो विषाणू दबून राहतो आणि साधारण सात ते दहा वर्षांनी वर येतो. झटके येतात, शाळेतलं हुशार पोर हळूहळू सगळं विसरतं. त्यावर खात्रीचा इलाज नाही. लस मात्र आहे, नऊ महिन्यांना एक आणि दीड वर्षाच्या आसपास दुसरी. आशाताई दारात आल्या की "लेकराला ताप येतो" म्हणून माघारी पाठवू नका.

2025 च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसचे रुग्ण निघाले, तेव्हा "नांदेड" नाव ऐकून मला किती फोन आले! ते नांदेड सिंहगड रोडकडचं. तिथं मुख्य संशय दूषित पाण्यावर होता. पण हाच आजार फ्लू किंवा कोरोनानंतरही होऊ शकतो.

म्हणून एवढं ध्यानात ठेवा. तोंड वाकडं झालं, एक हात पडला, बोलणं अडखळलं तर लगेच 108. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. इथून नांदेड गाठायलाच वेळ जातो, त्यात मालिश आणि अंगाऱ्यात घालवू नका. ताप-सर्दी किंवा जुलाबानंतर काही दिवसांनी पायांपासून वर कमजोरी चढायला लागली तर त्याच दिवशी दवाखाना. तापात लेकरू झटके देत असेल, उठवूनही उठत नसेल तर सकाळची वाट पाहू नका. आणि फ्लूच्या तापात लेकराला ॲस्पिरिन देऊ नका, मेंदू आणि यकृतावर उलटू शकतं.

आरोग्य विभागाला माझी एक साधी मागणी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी-शुगर तपासताना तीन प्रश्न विचारा. विसरायला होतं का? हातापायाला मुंग्या येतात का? मोठ्या तापानंतर काही बदललं का? उत्तरं वहीत लिहा आणि महिन्यातून एकदा मोठ्या डॉक्टरला दाखवा. हिंगोलीत आता सरकारी मेडिकल कॉलेज झालंय. तिथल्या डॉक्टरांचं महिन्याला एक शिबिर डोंगरकड्यात व्हायला हरकत काय?

मामांना सोमवारी घेऊन जातोय. तुमच्या घरात, शेजारी असं कुणी असेल तर नाव इथे लिहू नका, मला मेसेज करा. किती जण आहेत ते तरी कळू द्या. या वेळी तो आकडा मी लिहीन.