दारे किती, हे कोणी विचारायचे?

स्मरणिकेसाठी बालरोगतज्ज्ञाने लेख द्यायचा तो लसीकरणावर, आहारावर किंवा अलीकडे मोबाइलच्या व्यसनावर, असा एक अलिखित संकेत आहे. यंदा तो मोडण्याची परवानगी मी संपादक मंडळाकडे मागून घेतली. मला लिहायचे आहे ते फुटबॉलच्या अंतिम सामन्यांना जमणाऱ्या गर्दीविषयी आणि त्या गर्दीत सापडणाऱ्या मुलांविषयी. गोव्यात वाढलेल्या माणसाला फुटबॉलचे प्रेम वेगळे शिकावे लागत नाही. त्यामुळे या लेखात जी टीका आहे ती खेळावर रुसलेल्या माणसाची नाही, एवढे आधीच सांगतो.

सुमारे वीस वर्षांपूर्वी एका स्पर्धेच्या अंतिम सामन्याला वैद्यकीय पथकाचा प्रमुख म्हणून मी उपस्थित होतो. सामना सुरू होण्याच्या अर्धा तास आधी सहा-सात वर्षांच्या एका मुलीला तिच्या वडिलांनी उचलून आणले. प्रवेशद्वारापाशी रेटारेटीत ती लोखंडी कठड्याला दाबली गेली होती. हाड मोडले नव्हते, कोठे खरचटलेही नव्हते. परंतु चेहऱ्यावर आणि मानेवर बारीक लाल ठिपके उमटले होते, आणि डोळ्यांच्या पांढऱ्या भागात रक्त साकळले होते. छाती बाहेरून दाबली गेली की हृदयाकडे परतणारे रक्त उलट डोक्याकडे ढकलले जाते, त्याची ही खूण. पाठ्यपुस्तकात वाचलेले हे चिन्ह मी प्रथमच प्रत्यक्ष पाहत होतो. मुलगी घाबरलेली होती, पण श्वास नीट चालू होता. प्राणवायू दिला, रुग्णालयात पाठवले आणि दोन दिवसांनी ती घरी गेली.

त्या प्रसंगातली सलणारी गोष्ट निराळीच आहे. मुलीला तपासता तपासता मी तिच्या वडिलांना म्हणालो, "अहो, एवढ्या लहान पोरीला असल्या गर्दीत आणायचेच कशाला?" ते गृहस्थ क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "डॉक्टर, आम्ही दीड तास आधी आलो होतो. तिकिटे हातात होती. चार दारांपैकी एकच दार उघडे होते."

मी निरुत्तर झालो. त्या सामन्याच्या वैद्यकीय तयारीच्या यादीवर माझी सही होती. रुग्णवाहिका एक, स्ट्रेचर दोन, प्राणवायूची नळकांडी, सलाइन, मलमपट्टीचे सामान, सर्व काही तपासून घेतले होते. दारे किती आहेत, ती केव्हा उघडणार आणि कोणत्या दिशेला उघडतात, हे मात्र मी विचारले नव्हते. ते विचारणे माझे काम आहे असे मला वाटलेच नव्हते.

त्या वडिलांचे वाक्य मला २०२२ साली पुन्हा आठवले. २८ मे २०२२ रोजी पॅरिसजवळच्या सां-दनी येथील स्ताद द फ्रान्स मैदानावर चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना होता, लिव्हरपूल विरुद्ध रेआल माद्रिद. हा सामना मुळात सेंट पीटर्सबर्गला व्हायचा होता. रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर तो पॅरिसला हलवण्यात आला, म्हणजे तयारीला तीनच महिने मिळाले. सामन्याच्या दिवशी एका रेल्वेमार्गावर संप होता, म्हणून लिव्हरपूलचे बहुसंख्य प्रेक्षक दुसऱ्या मार्गाने आले. त्या स्थानकावरून मैदानाकडे जाणाऱ्या वाटेवर, महामार्गाच्या पुलाखालच्या चिंचोळ्या जागेत, पोलिसांनी तिकीट तपासणीचा नाका उभारला होता. हजारो माणसे तेथे अडकली. पुढे तो नाका उठवला, आणि सगळा लोंढा फिरत्या फाटकांवर जाऊन आदळला. तेथली काही फाटके बंद होती. कुंपणावरून चढून आत शिरू पाहणारे स्थानिक तरुणही त्यात मिसळले. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, मिरीचा फवारा मारला. रांगेत शांतपणे उभी असलेली लहान मुले, वृद्ध आणि चाकाच्या खुर्चीवरचे प्रेक्षक त्यातून सुटले नाहीत. सामना अर्ध्या तासाहून अधिक उशिरा सुरू झाला. त्या वेळी आतल्या मोठ्या पडद्यावर सूचना झळकली : प्रेक्षक उशिरा आल्यामुळे विलंब होत आहे. त्यांतले कित्येक जण दोन-दोन तास आधीपासून बाहेर तिष्ठत होते.

फ्रान्सचे तत्कालीन गृहमंत्री जेराल्ड दारमानँ यांनी तीस ते चाळीस हजार लोक विनातिकीट किंवा बनावट तिकिटे घेऊन आल्याचे सांगितले. फाटकांवर प्रत्यक्षात आढळलेली बनावट तिकिटे होती सुमारे दोन हजार सहाशे. जुलै २०२२ मध्ये फ्रेंच सिनेटच्या अहवालाने लिव्हरपूलच्या प्रेक्षकांवर ठपका ठेवणे अन्यायाचे असल्याचे म्हटले. फेब्रुवारी २०२३ मध्ये स्वतंत्र चौकशी समितीचा अहवाल आला. ही समिती यूएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेनेच नेमली होती, आणि तिने मुख्य जबाबदारी यूएफावरच टाकली. मोठी जीवितहानी केवळ थोडक्यात टळली, असेही तिने नोंदवले. ती टळण्यात खुद्द प्रेक्षकांच्या संयमाचा वाटा मोठा होता. हा संयम कोठून आला? त्या गर्दीत अशी अनेक माणसे होती, ज्यांच्या शहराने हिल्सबरो पाहिले होते.

हिल्सबरोची हकीकत डॉक्टरांनी तरी विसरू नये. १५ एप्रिल १९८९, शेफील्ड शहर, एफ ए कपचा उपान्त्य सामना. बाहेर गर्दी तुंबली म्हणून पोलिसांनी बाहेर पडण्याचे एक मोठे दार उघडले आणि हजारो प्रेक्षक एका बोगद्यातून आधीच भरलेल्या, जाळ्यांनी बंदिस्त केलेल्या कप्प्यांत गेले. त्यात एकूण ९७ जणांचे प्राण गेले. त्यांतला शेवटचा ३२ वर्षे जखमांचे परिणाम भोगून २०२१ साली वारला. सर्वांत लहान बळी दहा वर्षांचा मुलगा होता. त्यानंतर जे घडले ते आपल्या व्यवसायाला अधिक लाजिरवाणे आहे. मृतांच्या रक्तातील मद्याचे प्रमाण तपासण्यात आले, मुलांच्याही. मृत्यू कसा झाला हे ठरवण्यासाठी या तपासणीचा काय उपयोग होता? काहीच नाही. गर्दी मद्यधुंद होती हे ठरवण्यासाठी मात्र होता. पहिल्या मृत्युचौकशीत असे धरले गेले की दुपारी सव्वातीननंतर कोणालाही वाचवणे शक्य नव्हते, म्हणून त्यानंतरच्या मदतीच्या त्रुटींची चर्चाच नको. स्वतंत्र समितीने २०१२ साली कागदपत्रे पुन्हा तपासली, तेव्हा ४१ जण वाचण्याची शक्यता होती असे निष्पन्न झाले. प्रेक्षकांचा दोष नव्हता आणि ते मृत्यू बेकायदेशीर होते, असा ज्युरीचा निर्णय यायला २०१६ साल उजाडले. सत्तावीस वर्षे! दहा वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांनी ती कशी काढली असतील?

गर्दी नेहमी निष्पाप असते, असे मला म्हणायचे नाही. ११ जुलै २०२१ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर युरोपीय चषकाचा अंतिम सामना झाला. सुमारे दोन हजार लोक विनातिकीट, बळजबरीने आत घुसले. त्यासाठी दिव्यांगांसाठी ठेवलेल्या दारांचाही त्यांनी फायदा घेतला. बॅरोनेस केसी यांच्या अहवालाने या टोळक्यांना मुळीच पाठीशी घातले नाही. तरीही त्याच अहवालात हेही आहे की, पंचावन्न वर्षांनी देशाचा पुरुष संघ एवढ्या मोठ्या अंतिम सामन्यात पोहोचला असताना कशी गर्दी लोटेल, याचा अंदाज आयोजकांनी आणि पोलिसांनी घ्यायला हवा होता. २०२४ साली मायामीत कोपा अमेरिकेच्या अंतिम सामन्याला पुन्हा तेच झाले. विनातिकीट घुसणाऱ्यांमुळे दारे बंद केली, आणि तिकीटधारक कुटुंबे उन्हाळ्याच्या उकाड्यात दाराशी दाटून राहिली. सामना ८२ मिनिटे उशिरा सुरू झाला. दंगेखोर येणार हे गृहीत धरूनच दारांची आखणी करायची असते. ताप येणार हे गृहीत धरून आपण लस दिल्यावर आईला औषध लिहून देतो, तसेच हे आहे.

यातले शरीरशास्त्र आपल्या सर्वांना ठाऊक आहे, पण ते लोकांपर्यंत पोहोचलेले नाही. इंग्रजीतल्या 'स्टँपीड' या शब्दाने सैरावैरा धावणाऱ्या जनावरांच्या कळपाचे चित्र उभे राहते. आपला 'चेंगराचेंगरी' हा शब्द वस्तुस्थितीला अधिक धरून आहे. अशा दुर्घटनांत बहुतेक माणसे तुडवली गेल्याने मरत नाहीत. ती चेंगरून, बऱ्याचदा उभ्या उभ्याच, श्वास कोंडून मरतात. एका चौरस मीटरमध्ये पाचापेक्षा अधिक माणसे झाली की धोका सुरू होतो. सहा-सात झाली की गर्दी पाण्यासारखी वाहू लागते. मग व्यक्तीची इच्छा, शिस्त, संस्कार यांना अर्थ उरत नाही. मागच्याला पुढचे दिसत नाही आणि पुढच्याला मागे सरता येत नाही. मुलांचे तर सगळेच प्रतिकूल. त्यांचे नाक मोठ्यांच्या कमरेच्या उंचीवर, छातीच्या फासळ्या मऊ, म्हणून दाब सरळ आत पोहोचतो. किंचाळायलासुद्धा श्वास लागतो, आणि तोच नसतो. त्यामुळे मूल गुदमरत असताना ते शांत आहे असे वाटू शकते.

हे सारे परदेशचे झाले, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात १६ प्रेक्षक दगावले. त्यांच्या स्मरणार्थ तेथे त्या तारखेला रक्तदान होते. ४ जून २०२५ रोजी बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानाबाहेर क्रिकेटच्या विजयोत्सवात ११ जण गेले. त्याच्या महिनाभर आधी आपल्या शिरगावात, लईराई देवीच्या जत्रेत, उताराच्या वाटेवर गर्दी कोसळली आणि भाविकांचे प्राण गेले. मैदान असो, जत्रा असो वा रेल्वेचा पूल असो, मृत्यूचे कारण एकच असते. आणि दुसऱ्या दिवशीचे आपले बोलणेही एकच असते : लोकांना शिस्त नाही, लोकांनी जायचेच कशाला. मी त्या वडिलांना जे म्हणालो, तेच.

मला वाटते, हे बोलणे आधी डॉक्टरांनी सोडले पाहिजे. पटकीची साथ आली की आपण रुग्णाला दोष देत नाही, पाण्याची टाकी पाहायला जातो. आपल्या विद्येने दीडशे वर्षांपूर्वी शिकलेला हा धडा गर्दीच्या बाबतीत आपण का विसरतो? आपल्यापैकी अनेकांना स्पर्धा, जत्रा, शाळांचे क्रीडामहोत्सव, नाट्योत्सव यांच्या वैद्यकीय व्यवस्थेसाठी बोलावले जाते. आपल्या सहीला तेथे किंमत असते. ती सही करण्यापूर्वी आपण चार प्रश्न विचारावेत. येण्याजाण्याची दारे किती, आणि ती केव्हा उघडणार? वाट कोठे अरुंद होते, उतार किंवा पायऱ्या कोठे आहेत? गर्दी तुंबली तर मागच्यांना थांबवण्याचा आणि कार्यक्रम पुढे ढकलण्याचा अधिकार नेमका कोणाला आहे, आणि तो माणूस त्या वेळी कोठे उभा असेल? दाटीतून रुग्ण बाहेर काढून रुग्णवाहिकेपर्यंत कोणत्या वाटेने न्यायचा? उत्तरे समाधानकारक नसतील तर सही करू नये. आयोजक नाराज होतील, कदाचित पुढच्या वर्षी व्यासपीठावर खुर्चीही मिळणार नाही. ते सोसावे.

आपल्या संस्थेने या प्रश्नांचा एक छापील कागद तयार करावा आणि येत्या वर्षात आपला प्रत्येक सभासद जेथे जेथे वैद्यकीय पथकात असेल तेथे तो भरून घ्यावा, असा माझा प्रस्ताव आहे. पालकांनाही तपासणीच्या खोलीत दोन गोष्टी सांगाव्यात : मुलाच्या खिशात फोन क्रमांकाची चिठ्ठी ठेवा, आणि दाटी वाढू लागली की मूल खांद्यावर घेऊन कडेने बाहेर पडा, सामना चुकला तरी चालेल. परंतु हा सल्ला आयोजकांच्या कर्तव्याची जागा घेऊ शकत नाही, हेही त्याच वेळी सांगावे.

ती मुलगी आज पंचविशीच्या पुढे असेल. तिचे वडील मला पुन्हा भेटले नाहीत. भेटले तर त्यांची क्षमा मागायची आहे. त्या दिवशी त्यांनी मला जे सांगितले ते माझ्या यादीत असायला हवे होते. आता ते असते. गेल्या काही वर्षांत दोन ठिकाणी मी दारे मोजायला गेलो. एके ठिकाणी हसले, दुसऱ्या ठिकाणी कुलूप लावलेले दार त्यांनी उघडून दिले. एवढे यश मला पुरेसे आहे. आपण सर्वांनी मिळून मोजली, तर अधिक दारे उघडतील.