गाणारा ब्रेकमन आणि माउथ ऑर्गनचा जादूगार

दोस्तांनो, तुमच्या वर्गात एखादा ‘लंबू’ असेल, एखादी ‘टेपरेकॉर्डर’ असेल. अशी नावं आपण सहज ठेवतो आणि ती चिकटतात. काही नावं मात्र कमवावी लागतात. आज अशाच तीन नावांची गोष्ट.

गोष्ट आहे अमेरिकेतली, तिथल्या ‘कंट्री म्युझिक’ची. कंट्री म्युझिक म्हणजे मूळची दक्षिणेकडच्या राज्यांतल्या शेतकऱ्यांची, गिरणी कामगारांची, रेल्वे मजुरांची गाणी. साथीला फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, शिवाय बॅन्जो आणि गिटार. १९२०नंतर रेडिओ आणि ग्रामोफोनच्या तबकड्यांमुळे ही गाणी घरोघर पोचली. पण रेडिओवर गाणारा दिसतो कुठे? मग त्याला असं नाव द्यायचं, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तो उभा राहिला पाहिजे!

जिमी रॉजर्सचंच बघा ना. १८९७ साली जन्मलेला हा मुलगा लहान वयातच रेल्वेत कामाला लागला आणि पुढे ब्रेकमन झाला. डबे जोडायचे-सोडायचे, ब्रेककडे लक्ष ठेवायचं, असं ते धोक्याचं काम. १९२४मध्ये त्याला क्षय झाल्याचं कळलं. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. अंगमेहनतीची नोकरी सुटली, हातात राहिली फक्त गिटार. ४ ऑगस्ट १९२७ला ब्रिस्टल गावात त्याचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं. गाता गाता आवाज एकदम उंच पट्टीत उडवायची, म्हणजे ‘योडलिंग’ची, त्याची लकब लोकांना फार आवडली. नाव पडलं ‘द सिंगिंग ब्रेकमन’, गाणारा ब्रेकमन. नोकरी सुटली, पण तिचं नाव मात्र त्याला जन्मभर पुरलं! मे १९३३मध्ये शेवटची गाणी मुद्रित करताना तो मधे मधे खाटेवर पडून राहायचा. त्यानंतर दोनच दिवसांनी तो गेला. वय अवघं पस्तीस. पुढे लोक त्याला ‘कंट्री म्युझिकचा जनक’ म्हणू लागले.

दुसरे अंकल डेव्ह मेकन. टेनेसी राज्यात ते खेचरांच्या गाड्यांतून माल वाहायचे. मोटारट्रक आले आणि धंदा बसला. पन्नाशीच्या माणसाने काय करावं? मेकन बॅन्जो घेऊन सरळ रंगमंचावर गेले! सोन्याचे दात चमकवत, गोष्टी सांगत, बॅन्जो गरगर फिरवत ते धमाल उडवून द्यायचे. नॅशव्हिलच्या रेडिओवरच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कार्यक्रमाचे निवेदक जॉर्ज हे यांनी त्यांचं नाव ठेवलं ‘डिक्सी ड्यूड्रॉप’, म्हणजे दक्षिणेचा दवबिंदू. गंमत म्हणजे हे हेसाहेब स्वतःला ‘गंभीर म्हातारा न्यायाधीश’ म्हणवून घ्यायचे. ते ना न्यायाधीश होते, ना तेव्हा म्हातारे!

तिसरं नावही याच हेसाहेबांनी दिलं. डीफोर्ड बेली हा कृष्णवर्णीय मुलगा तीन वर्षांचा असताना पोलिओने अंथरुणाला खिळला. माउथ ऑर्गन हाच त्याचा सोबती. त्यावर तो आगगाडी अशी हुबेहूब वाजवायचा, की डब्यांची धडधड आणि शिट्टी, दोन्ही ऐकू यायचं. हे त्याला ‘हार्मोनिका विझर्ड’, माउथ ऑर्गनचा जादूगार, म्हणू लागले. १९२८ साली तो ऑप्रीत ५२पैकी ४९ आठवडे वाजला! पुढे ज्याला ‘कंट्री म्युझिकचा राजा’ म्हटलं गेलं, तो रॉय एकफ नवखा असताना बेलीला दौऱ्यावर न्यायचा. गर्दी जमायची ती बेलीच्या नावावर.

पण गावोगावच्या ज्या हॉटेलांत बाकीचे वादक उतरायचे, तिथे या जादूगाराला खोली मिळत नसे. कारण एकच, कातडीचा रंग. १९४१मध्ये ऑप्रीने त्याला काढून टाकलं. वर त्याच हेसाहेबांनी एका पुस्तिकेत लिहिलं, की बेली आळशी होता! आळशी? बेली नॅशव्हिलमध्ये बूटपॉलिशचं दुकान चालवत राहिला, कितीतरी वर्षं. १९८२ साली तो वारला.

कंट्री म्युझिकच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये रॉजर्सचं नाव लागलं १९६१ साली, अगदी पहिल्याच तुकडीत. मेकनचं १९६६मध्ये. आणि बेलीचं? २००५ साली, म्हणजे मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी. ‘जादूगार’ आणि ‘आळशी’ ही दोन्ही नावं एकाच माणसाने दिली होती. लोकांनी त्यातलं खरं तेवढं ठेवलं.

आणि हो, घरात माउथ ऑर्गन असेल तर एकदा आगगाडी वाजवून बघा. श्वास आत घेताना एक सूर, बाहेर सोडताना दुसरा. गाडी स्टेशनातून हळूहळू सुटली पाहिजे, मग वेग घेतला पाहिजे, आणि मधेच शिट्टी! जमली, तर घरचे तुमचंही काहीतरी नाव ठेवतीलच.